सहकारी संस्थांच्या आधारसंस्था : महाराष्ट्रातील वाढ आणि पडझड

सहकारी संस्था सभासदांच्या भांडवलावर उभी राहते, पण एकटी फार काळ तग धरत नाही. गावच्या विकास सोसायटीला कर्ज वाटायचे तर पैसा बाहेरून आणावा लागतो. दप्तर लिहायला जाणता सचिव लागतो, हिशेब तपासायला लेखापरीक्षक लागतो, सभासदांना उपविधी, म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम, समजावून सांगणारा कोणीतरी लागतो आणि माल विकायचा तर गावाबाहेरची पेठ गाठावी लागते. ही कामे करणाऱ्या संस्थांना या नोंदीत आधारसंस्था म्हटले आहे. जिल्हा मध्यवर्ती बँका, राज्य सहकारी बँक, निरनिराळे संघ आणि महासंघ, प्रशिक्षण व संशोधन संस्था यांचा त्यांत समावेश होतो. सरकारचे सहकार खाते सहकारी संस्था नसली, तरी व्यवहारात तेही याच फळीत मोडते.

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास बहुधा साखर कारखाने आणि त्यांचे नेते यांच्याभोवती सांगितला जातो. या दुसऱ्या फळीकडे पाहिले, तर चळवळ कुठे फोफावली आणि कुठे खुरटली याचा उलगडा अधिक नीट होतो. आधारसंस्था सभासद संस्थांच्या मालकीची असूनही कर्जदारांच्या दबावापासून दूर राहिली, तेव्हा खालच्या संस्था तगल्या. मदत घेणारा, मदत देणारा आणि तपासणारा एकाच वर्तुळातले झाले, तेव्हा वरची संस्था खालच्यांना घेऊन बुडाली.

आरंभ

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून गहाणखते आणि रोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतील बऱ्याच गावांत पसरला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कोर्टात कर्जदार शेतकऱ्याला थोडे संरक्षण मिळाले. सावकाराला पर्याय मात्र त्या कायद्याने दिला नाही आणि शेतकऱ्याची खरी अडचण तीच होती.

कायदा होण्याआधीच एक मराठी माणूस या वाटेने निघाला होता. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापन केली. भारतातील सर्वांत जुन्या सहकारी पतसंस्थांपैकी ती एक होय. सरकारी पातळीवर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याचा रोख जर्मनीतील राइफायझन पद्धतीच्या ग्रामीण पतपेढ्यांवर होता आणि त्यात फक्त प्राथमिक पतसंस्थांचा विचार केलेला होता. या संस्थांना पैसा कोण पुरवणार, त्यांची देखरेख कोण करणार, याचे उत्तर त्यात नव्हते. १९१२ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. पतपुरवठ्याशिवाय इतर उद्देशांच्या संस्थांना आणि संस्थांच्या संस्थांना, म्हणजे मध्यवर्ती बँका व संघ यांना, नोंदणी मिळू लागली. आधारसंस्थांचा कायदेशीर जन्म या कायद्यातला.

मुंबईत मात्र वर्षभर आधीच सुरुवात झाली होती. विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ही पूर्वज. शहरातील गुंतवणूकदाराचा पैसा खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणे हे तिचे काम होते. तिच्या कर्जरोख्यांवरील व्याजाला सरकारने हमी दिली, पण बँक चालवली ती बिगरसरकारी माणसांनी. वैकुंठलाल मेहता यांनी सुरुवातीच्या वर्षांपासून तीन दशकांहून अधिक काळ या बँकेचा कारभार सांभाळला. १९४६ नंतर ते मुंबई प्रांताचे अर्थ व सहकार मंत्री झाले. शेतकी कर्जाला नियम आणि वसुलीची शिस्त लागते, पण मुंबईच्या कचेरीतून गावच्या अडचणी दिसत नाहीत, या दोन्ही गोष्टींचे भान असलेले ते बँकर होते. महाराष्ट्रातल्या सहकाराच्या पायात वैकुंठभाईंचे काम जितके खोल आहे तितके ते आज लोकांच्या लक्षात नाही. पुण्यातील राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्थेला, वैमनिकॉमला, त्यांचे नाव दिले आहे. ती १९६७ साली सुरू झाली.

पैशाची सोय झाल्यावर शिक्षणाची गरज पुढे आली. १९१८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह इन्स्टिट्यूट ही आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी संघाची मूळ संस्था. सभासदांची शिबिरे, सचिवांचे वर्ग आणि मराठी प्रकाशने ही कामे तिने अंगावर घेतली. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व हिशेबाची पदविका परीक्षा आजही हजारो जण देतात. खालच्या संस्थांना हिशेबनीस आणि लेखापरीक्षक मिळतात ते बरेचसे याच परीक्षेतून.

कर्जाची साखळी

ग्रामीण पतपुरवठ्याची रचना तीन पातळ्यांची आहे. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, म्हणजेच विकास सोसायटी, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक, राज्याला शिखर बँक, म्हणजे राज्य सहकारी बँक. राज्यात ३१ जिल्हा मध्यवर्ती बँका आहेत. शिखर बँकेच्या मागे पूर्वी रिझर्व्ह बँकेचा शेती पतपुरवठा विभाग होता. १९८२ पासून त्याची जागा नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, घेतली.

ही साखळी कागदावर कोरडी वाटते, पण सोसायटीच्या कचेरीत ती रोजच्या व्यवहारात दिसते. हंगामाआधी गटसचिव, म्हणजे सोसायटीचे दप्तर सांभाळणारा सचिव, कमाल मर्यादा पत्रक तयार करतो. कोणत्या सभासदाकडे किती क्षेत्र, कोणते पीक, एकरी किती कर्ज बसते, हे सारे त्यात असते. शेतकरी इकरार, म्हणजे जमीन तारण असल्याचा लेखी करार, लिहून देतो आणि सातबारावर सोसायटीचा बोजा चढतो. पत्रक जिल्हा बँकेकडे जाते, मंजुरी येते आणि रक्कम शेतकऱ्याच्या बँकेतल्या खात्यावर जमा होते. कर्जाच्या प्रमाणात सभासदाचा शेअर कापला जातो. सोसायटीही याच प्रमाणात जिल्हा बँकेचे शेअर घेते आणि जिल्हा बँक शिखर बँकेचे. शेतकरी अशा रीतीने वरच्या दोन्ही बँकांचा दुरून मालक असतो. ही मालकी त्याला क्वचितच जाणवते.

मार्चमध्ये याच कचेरीत गर्दी होते. मुदतीत भरणा केला तर व्याजात सवलत मिळते, म्हणून ज्याच्या हाती पैसा नाही तो नातेवाइकाकडून, व्यापाऱ्याकडून किंवा सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी रक्कम उचलतो, जुने कर्ज भरतो, नवे मंजूर झाले की उसने पैसे परत करतो. याला गावात नवं-जुनं करणे म्हणतात. पुस्तकात वसुली शंभर टक्के दिसते आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज तसेच राहते, वर उसनवारीचे व्याज बसते. वसुलीच्या आकड्यांवरून साखळीची प्रकृती जोखणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे.

साखळीचा सगळ्यांत कच्चा दुवा गटसचिव ठरला. एका छोट्या सोसायटीला पूर्णवेळ सचिवाचा पगार परवडत नाही, म्हणून जिल्हा देखरेख संघांनी सचिवांचे केडर, म्हणजे अनेक सोसायट्यांसाठी मिळून नेमलेला सेवकवर्ग, ठेवले आणि सोसायट्यांनी त्यासाठी वर्गणी द्यायची असे ठरले. वर्गणी थकली, संघ डबघाईला आले आणि सचिवांचे पगार महिनोन्महिने रखडले. चार-पाच सोसायट्यांचे दप्तर एकट्याने सांभाळणारा, पगाराची खात्री नसलेला सचिव, हे चित्र अनेक जिल्ह्यांत नेहमीचे झाले. शेतकऱ्याच्या रोज समोर येणारी आधारसंस्था अशी मोडकळीला आली, तिच्यासाठी मोर्चे मात्र निघाले नाहीत.

दुसरा रोग अनिष्ट तफावत या नावाने ओळखला जातो. सोसायटीचे बँकेला जितके देणे असते त्यापेक्षा तिचे सभासदांकडून येणे कमी भरले की ही तफावत पडते. भरलेली रक्कम बँक आधी व्याजात जमा करून घेते, सोसायटीचा खर्च वसुलीतून भागवला जातो, कुठे अपहारही होतो. प्रत्येक सभासदाने पै-पैसा फेडला तरी अशी सोसायटी बँकेची थकबाकीदार राहते. नियमाने वागलेल्या सभासदाला नवे कर्ज मिळत नाही ते यामुळे. २००४ मध्ये नेमलेल्या वैद्यनाथन समितीच्या शिफारशींवरून आलेल्या पुनरुज्जीवन योजनेत प्राथमिक सोसायट्यांचे ताळेबंद स्वच्छ करण्यावर भर होता, त्याचे कारण हेच.

प्रवरानगर

स्वातंत्र्यानंतर सहकाराची स्थिती किती दुबळी होती, हे रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता आणि सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, हा त्या अहवालाचा गाजलेला निष्कर्ष. सरकारने संस्थांच्या भागभांडवलात उतरावे, पतपुरवठा आणि विक्री एकमेकांना जोडावी, गोदामे आणि प्रशिक्षण उभारावे, असे उपाय समितीने सुचवले. समितीचे एक सदस्य होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांच्यापुढे एक जिवंत उदाहरण होते, कारण प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच होते.

नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून आले आणि उसाची लागवड वाढली. फायदा मात्र खासगी साखर कंपन्यांना आणि गुळाच्या अडत्यांना झाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढलेली होती. बागायतदारांचा स्वतःचा कारखाना ही कल्पना त्यांनी गावोगाव फिरून मांडली आणि लहान शेतकऱ्यांकडून शेअरची रक्कम गोळा केली. तोवर कारखाना म्हणजे शेठ-सावकारांचे काम, अशीच सगळ्यांची समजूत. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे पहिले गाळप झाले.

या यशात विखे पाटलांची चिकाटी आणि गाडगीळांची विद्वत्ता यांची जोडी वाखाणली जाते आणि ते योग्यच आहे. पण वैकुंठभाई मेहतांचे मंत्रिपद, मुंबई सरकारचे भागभांडवल, सहकारी बँकेचा पतपुरवठा आणि नव्यानेच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज ही फळी मागे नसती, तर गोळा झालेल्या शेअरमधून कारखान्याची यंत्रे आली नसती. शेतकऱ्यांचा पैसा, तज्ज्ञांचा सल्ला आणि सरकारचे बळ असा मेळ इथे पहिल्यांदा जमला. पुढच्या कारखान्यांनी तोच कित्ता गिरवला. केंद्राने साखर उद्योगाचे परवाने देताना सहकाराला झुकते माप दिले. सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेत तात्यासाहेब कोरे, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील, इचलकरंजीजवळ रत्नाप्पा कुंभार यांनी आपापल्या भागात कारखाने उभे केले.

सहकारी साखर कारखान्यांचा राज्य पातळीवरचा संघ, म्हणजे साखर संघ, १९५६ मध्ये स्थापन झाला. परवाने, उसाचे दर, कामगारांचे वेतनकरार यांबाबत सरकारशी बोलणी करणे हे त्याचे मुख्य काम. तांत्रिक बाजूची गरज ओळखून कारखान्यांनी १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. वसंतदादांच्या निधनानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. गाळप केलेल्या उसाच्या टनामागे कारखाने वर्गणी देतात आणि त्यावर उसाचे बेणे, माती परीक्षण, रसायनतज्ज्ञांचे प्रशिक्षण, कारखान्यांची तांत्रिक तपासणी ही कामे चालतात. राज्यातील आधारसंस्थांमध्ये वसंतदादा साखर संस्था मला सर्वांत भक्कम वाटते. तिचा पैसा सभासदांकडूनच येतो आणि तिच्या कामाची किंमत प्रयोगशाळेच्या निकालात आणि शेतातल्या उताऱ्यात लगेच दिसते.

उसाच्या पट्ट्यात जिल्हा बँका सशक्त का राहिल्या, याचे कारण कारखान्याच्या काट्यावर सापडते. सभासदाच्या उसाची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असते, तोड आली की स्लिप बॉय फडात येतो, वजन काट्यावर होते आणि बिल तयार होताना सोसायटीचे कर्ज त्यातून आधीच कापले जाते. पतपुरवठा विक्रीला जोडावा ही गोरवाला समितीची शिफारस इथे काट्याच्या पावतीवर उतरलेली दिसते. कापसाला असे एकच दार नव्हते. १९७२ पासूनच्या, सर्व कापूस सरकारनेच विकत घेण्याच्या एकाधिकार खरेदी योजनेत विदर्भ-मराठवाड्यात अशी कपात होत असे, पण चुकारे रखडत आणि पुढे योजनाच मागे पडली. सातारा आणि पुणे येथील जिल्हा बँका भक्कम राहिल्या, तर नागपूर, वर्धा आणि बुलढाणा येथील बँकांना बँकिंग परवानाही मुदतीत मिळवता आला नाही. या फरकात कारभाराचा दोष आहेच. मात्र पाणी आणि पीक हेही त्यामागे आहे, ते वगळून विदर्भातील संचालकांनाच बोल लावणे अन्यायाचे होईल.

इतर क्षेत्रे

दुधात कोल्हापूर जिल्हा संघाने, म्हणजे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळने, गावची संस्था आणि जिल्हा संघ यांचे नाते घट्ट ठेवले. पशुवैद्यकीय सेवा, कृत्रिम रेतन आणि पशुखाद्य हे सारे संघाकडून मिळते, त्यामुळे उत्पादक दुसरीकडे फारसा वळत नाही. राज्य पातळीवरचा दूध महासंघ महानंद मात्र जिल्हा संघांचा विश्वास टिकवू शकला नाही. संघ आपले दूध आपल्याच नावाने विकत राहिले आणि २०२४ मध्ये महानंदचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले. द्राक्षांच्या निर्यातीसाठी सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी केली. युरोपच्या बाजारात लागणारी प्रत आणि शीतसाखळी सांभाळण्याचे काम एकट्या-दुकट्या संस्थेच्या आवाक्यातले नव्हते.

शहरांत चित्र वेगळे. मुंबईच्या गावदेवीतील सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ ची. आज सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद असलेल्या लाखो मुंबईकरांना सहकार भेटतो तो देखभालीच्या बिलात आणि वार्षिक सभेच्या भांडणात. त्यांच्यासाठी हाउसिंग फेडरेशन म्हणजे आदर्श उपविधींची पुस्तिका, नोंदवह्या आणि कायदेशीर सल्ला मिळण्याची जागा. गोव्यातील संस्थाही २००१ मध्ये स्वतंत्र कायदा होईपर्यंत महाराष्ट्राच्याच सहकार कायद्याखाली चालत.

सहकार खाते आणि पडझड

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. सहकार खात्याच्या प्रमुखाला, म्हणजे निबंधकाला, त्याने मोठे अधिकार दिले. नोंदणी, चौकशी, संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमणे, थकबाकीदारावर कलम १०१ खाली वसुली दाखला देणे, हे सारे त्याच्या हाती. लेखापरीक्षणही दीर्घकाळ खात्याकडेच होते. सरकार भागधारक, सरकारच हमीदार आणि सरकारच तपासनीस, अशी ही व्यवस्था. प्रवरेच्या काळात तिने बळ दिले. संस्था वाढल्यावर आणि त्यांचे अध्यक्ष आमदार, मंत्री होऊ लागल्यावर तीच अडचण झाली. तपासणीचा अहवाल ज्याच्याविरुद्ध जायचा तोच अधिकाऱ्याच्या बदलीवर बोलू शकत होता.

शिखर बँकेत हे सर्वांत स्पष्ट दिसले. कारखान्याच्या गोदामातली साखर तारण ठेवून बँक उचल देते. मूल्यांकन बँक ठरवते, त्यातून प्रत्येक क्विंटलमागे आपल्या जुन्या कर्जापोटी ठरावीक रक्कम, म्हणजे टॅगिंग, कापते आणि उरलेल्या पैशातून कारखाना उसाचे बिल भागवतो. साखरेचे भाव पडले की हे गणित फिसकटते आणि नवी उचल हवी होते. अशा वेळी नाही म्हणणे हे बँकेचे काम. पण कर्ज मागणाऱ्या संस्थांचे पुढारीच बँकेच्या मंडळावर बसत आणि थकलेल्या कर्जांमागे राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज बुडाल्यास ते भरण्याची हमी, असे. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमले गेले. त्यानंतर बँक पुन्हा नफ्यात आली, हे प्रशासकीय शिस्तीचे श्रेय आहे. ती सभासदांच्या निवडून दिलेल्या मंडळाकडून आली नाही, ही खंतही राहते. दरम्यान थकबाकीपोटी अनेक सहकारी कारखाने विकले किंवा भाड्याने दिले गेले. अलीकडच्या हंगामांत राज्यात चालणाऱ्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत. विहिरी, पाइपलाइन आणि ट्रॅक्टरसाठी दीर्घ मुदतीची कर्जे देणारी भूविकास बँक तर पूर्णच बंद झाली आणि तिची जागा कोणीच नीट भरून काढली नाही.

२०११ नंतर

९७ व्या घटनादुरुस्तीने सहकाराला घटनेत स्थान दिले. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा बदलला. स्वतंत्र सहकारी निवडणूक प्राधिकरण आले, लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार वार्षिक सभेकडे गेला आणि सभासदांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, कारण निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले. विकास सोसायट्यांचे संगणकीकरण हा त्याचा सर्वांत दूरगामी कार्यक्रम म्हणावा लागेल. अनिष्ट तफावत वर्षानुवर्षे दडून राहते ती हाताने लिहिलेल्या दप्तरात. खतावणी संगणकावर आली तर ती निदान वेळेत दिसेल. पण ती भरणारा सचिव नियमित पगारावर हवा आणि तो प्रश्न अजून जिल्ह्याजिल्ह्यांत लोंबकळत आहे.

नागरी बँकांसाठी २०२४ मध्ये एक छत्रसंस्था राष्ट्रीय पातळीवर कामाला लागली. भांडवल, तंत्रज्ञान आणि अडचणीच्या काळात रोकड, या तिन्ही बाबतीत लहान बँकांना आधार देणे हा तिचा उद्देश आहे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांचे जे हाल झाले त्यांतून अशा संस्थेची निकड सगळ्यांना पटली. २०२० पासून बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. गल्लोगल्लीच्या सहकारी पतसंस्था मात्र बँका नसल्यामुळे या विम्याबाहेर आहेत. पतसंस्थांनी अंशदान गोळा करून स्थिरीकरण निधी उभारावा अशी तरतूद राज्याच्या कायद्यात आली, तेव्हा सुस्थितीतल्या संस्थांनी बुडणाऱ्यांसाठी पैसे का भरावेत असा वाद उभा राहिला. तो वाद चालू असताना पतसंस्थेतील ठेवीमागे त्या एका संस्थेच्या ताळेबंदाशिवाय दुसरे काही उभे नव्हते.